शालिकरामचे झिंगे

या, असे जवळ सरका. दाराशी बसलात तर अर्धी गोष्ट रस्त्यावरच्या भोंग्यांत जाईल. आज राजाची कथा नाही, देवाचा चमत्कारही नाही. आज एका पातेल्याची गोष्ट सांगते. ते पातेलं जिना उतरून खाली आलं आणि आपल्या भगवंतरावांचं सगळं घर मान खाली घालून बसलं. मध्ये हसू आलं तर खुशाल हसा. मला मात्र सांगताना अजून पदर तोंडाशी धरावासा वाटतो.

कौंडण्यपूरची जत्रा होऊन आठच दिवस झाले होते. रविवारची सकाळ. अमरावतीच्या राजापेठेतल्या घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, जमुनाबाई गोणपाटातून ती भांडी काढत होत्या. जर्मनचं पातेलं, लोखंडी कढई, एक चेपलेला झारा. भगवंतराव माळकरी. गळ्यातली तुळशीची माळ चाळीस वर्षांची. त्यामुळं खालच्या स्वयंपाकघरात मासमच्छी कधी शिजली नाही. पोरांनी हट्ट केला तर गच्चीवर, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यांत; आणि ती भांडी जिना उतरत नसत. नियम भगवंतरावांचा होता. सांभाळला मात्र जमुनाबाईंनी, त्यांच्या घरात सून म्हणून आल्यापासून.

आज भांडी काढायला खुद्द भगवंतरावांनी सांगितलं होतं, कारण आज आकांक्षाची सोयरीक ठरायची होती. धाकटी लेक पुण्याला नोकरीला. तिथं तिनं विपुलला पसंत केलं. मुलगा अलिबागकडचा, आईबाप लहानपणीच गेलेले, आजीनं वाढवलेला. "घरचा सीफूडचा बिझनेस होता," असं तो एकदा म्हणाला होता, आणि त्या एका शब्दावर इथल्या मंडळींनी मोठमोठ्या बोटी आणि शीतगृहं उभी केली होती. ती आजी, गोदाबाई, आज नातवाबरोबर घर पाहायला येणार होती. फोनवर हसत म्हणाली होती, "मना पुरणपोळी नको गो. कोळंबी खिलवा. घर कसं हाय ते कोळंबीत कळतं."

ती हसून म्हणाली. इथं सगळ्या घराची झोप उडाली.

थोरला मुलगा अमोल, त्याची बायको प्रणाली. प्रणालीचं माहेर अकोल्याचं, तिच्या भावाचं, देवानंदचं, तिथं दुकान आहे, दुकानात माणूस झोपेल एवढा फ्रीझर. शनिवारीच थर्माकोलच्या डब्यातून दोन किलो फ्रोजन कोळंबी अमरावतीत पोचली होती. सोललेली, साफ केलेली, एका मापाची, पांढरीशुभ्र. प्रणालीनं ती जिन्याखालच्या जुन्या फ्रीजच्या फ्रीझरमध्ये ठेवली आणि निश्चिंत झाली.

आकांक्षानं मात्र कोणाला न सांगता दुसरीकडे फोन केला होता.

सकाळी आठला फाटक वाजलं.

"वयनी! वो वयनी! परात द्या लवकर. मोर्शीहून बसमदी नुसते नाचत आले हे!"

शालिकराम. भगवंतरावांचा धाकटा भाऊ. डोक्यावर ओल्या पोत्यात बांधलेली पाटी, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, आणि तोंडभर हसू.

जमुनाबाई धावत जिना उतरल्या. त्या नवरी म्हणून आल्या तेव्हा हा दीर दहा वर्षांचा होता. त्याच्या केसांना तेल त्यांनी लावलं होतं, त्याचं पाटी-दप्तर त्यांनी भरलं होतं. "भाऊजी! अवो, अचानक काहून आले?"

"अचानक कायचं? आकांक्षानं फोन केला. काका, पाहुणे येऊन राहिले, झिंगे पाहिजे. म्या म्हटलं, पोरीच्या सोयरिकीले काका झिंगे नाई आणीन तं कोण आणीन? पहाटं जाळं काढलं. पाहा!"

त्यानं पोतं सोडलं. खाली केळीच्या पानांवर निळसर-काळे झिंगे, गोड्या पाण्यातली कोळंबीच ती, वीतभर मिशांचे, एकमेकांच्या अंगावरून चढत होते. त्यांच्या पायांची बारीक करकर ऐकू येत होती. प्रणाली परात घेऊन आली, पाहिलं, आणि किंचाळली, "अगंबाई! जिवंत आहेत हे!"

"मंग? मेलेले आणू का, सूनबाई?"

तेवढ्यात एक झिंगा उसळला, फरशीवर पडला आणि शेपटीनं सरकत सरकत थेट देवघराच्या उंबऱ्याशी जाऊन थांबला. आत भगवंतराव पूजेला बसलेले. आकांक्षाला हसू आवरेना. शालिकराम वाकला, दोन बोटांत झिंगा अलगद उचलला, पण उंबऱ्याच्या आत त्यानं बोटही घातलं नाही. देवघरातल्या खुंटीकडे मात्र त्याची नजर गेली. तिथं एक तुळशीची माळ टांगलेली होती. ती त्याची होती.

त्या माळेचं सांगते. वाटणीत डोंगराच्या अंगाची संत्र्याची जमीन भगवंतरावांकडे राहिली, आणि नदीकाठचं काळं वावर शालिकरामच्या वाट्याला आलं. वाटणी भगवंतरावांनीच केली. धरण होणार अशी कुणकुण त्यांच्या कानावर आली होती. धाकट्याच्या कानावर नव्हती. चार-पाच वर्षांत ते वावर पाण्याखाली गेलं. शालिकरामनं पुष्कळ दिवस इकडंतिकडं काढले, मग भोयांच्या पोरांबरोबर तो त्याच पाण्यात जाळं टाकू लागला. त्याआधी एकदा राजापेठेत आला, गळ्यातली माळ काढून भावाच्या हातात दिली. "दादा, हे घालून जीव धरवत नाई. माह्याजोळ ठेवली तं हात लटपटतीन. तुमच्याजोळ राहू द्या." कीर्तनात टाळकऱ्यांच्या रांगेत त्याचा आवाज असा चढायचा, की कीर्तनकारबुवा अर्धं चरण म्हणून थांबायचे आणि उरलेलं त्याच्यावर सोडायचे. माळ उतरवली त्या दिवसापासून तो रांगेत उभा राहिला नाही. भगवंतराव दर एकादशीला दोन्ही माळा धुतात. एक गळ्यात घालतात, एक खुंटीवर.

आता तुम्ही म्हणाल, एवढी माया, मग अडलं कुठं? ऐका.

स्वयंपाकघराच्या दाराशी सगळे गोळा झाले. परातीत झिंगे, ओट्यावर अकोल्याची तीन पाकिटं. बर्फ सुटून त्यांच्याखाली पाण्याचं थारोळं झालं होतं.

"आई, मी काय म्हणते," प्रणाली हळू आवाजात म्हणाली, "काकांनी आणले, छानच केलं. पण यांची डोकी काढा, मिशा काढा, पाठीतला तो काळा दोरा काढा. बारा वाजता पाहुणे. आणि नदीच्या झिंग्यांना चिखलाचा वास येतोच. त्या समुद्राकडच्या बाई. पहिल्या घासाला नाक मुरडतील."

"नदीचं पाणी नाई, सूनबाई, धरणाचं हाय," शालिकराम म्हणाला. "काचेसारखं. आपल्याच वावरावरचं."

प्रणालीनं पाकिटांखालचं पाणी फडक्यानं टिपलं.

"काका, गोठ वासाची नाई," अमोल भिंतीकडे पाहत म्हणाला. "त्यायनं विचारलं, कोणं आणले, तं काय सांगाचं? बाबानं त्यायले फोनवर सांगतलं, भाऊ संत्र्याचे बाग पाहते म्हणून."

शालिकराम हसला. "बरं सांगतलं. एखादं झाड तं दाखवून ठेवा मले. कोणी विचारलं तं कुठं हात करू?"

हसलं कोणीच नाही. तो एकटाच हसला, आणि मग तोही थांबला.

जमुनाबाईंच्या मनात होतं, म्हणावं: ताजे टाकून बर्फाचे कोण खाते? या पाहुण्या नाराज झाल्या तर होवोत. पण डोळ्यांसमोर आकांक्षा आली, आणि नाक मुरडणारी ती न पाहिलेली म्हातारी. त्यांनी आकांक्षाकडे पाहिलं. तिनंच तर बोलावलं होतं काकाला. ती बोलली असती तर जमुनाबाई तिच्या बाजूनं उभ्या राहिल्या असत्या. आकांक्षानं काकाच्या हातांकडे पाहिलं. जाळ्याच्या दोऱ्यानं कापलेली बोटं, नखांत काळं, कोपरापर्यंत तो वास. आणि तिच्या तोंडून निघालं, "काका, हे... हे आपण संध्याकाळी करू ना. आपल्याआपल्यात. निवांत."

पुढं ती मला म्हणाली, ते वाक्य बोलून झाल्यावर तिला स्वतःचाच आवाज ओळखू येईना.

शेवटी सगळ्यांनी देवघराकडे पाहिलं. भगवंतराव दारात उभे होते. सगळं ऐकलेलं. त्यांनी एक शब्द काढला असता, "भावाचे शिजवा," एवढाच, तर गोष्ट इथंच संपली असती. त्यांनी माळेवरून हात फिरवला आणि म्हणाले, "बायकायच्या कामात मी काय बोलू?"

ठरलं. शालिकरामची पाटी जिन्याखालच्या फ्रीझरमध्ये गेली, अकोल्याच्या पाकिटांनी मोकळ्या केलेल्या जागी. झिंग्यांचे पाय हलत होते तशीच.

"मी जातो मंग," शालिकराम म्हणाला.

"जेवल्याबगर? गळ्याची आण हाय तुमाले," जमुनाबाई म्हणाल्या. मग वेळ सावरायला, "अन् शिजवनार कोण? आमाले तं येत नाई. तुमीच या वर."

असा तो गच्चीवर गेला. प्रणालीला घाई. कोळंबी आतून अजून दगडासारखी, तिनं त्यावर उकळतं पाणी ओतलं. एका क्षणात सगळी आकसून गोल झाली, कडा पांढऱ्या फटक. शालिकरामनं पाहिलं. फक्त म्हणाला, "सूनबाई, हे झोपले होते. यायले हळूच उठवा लागते."

"काका, तुमचं आपलं काहीतरीच!"

त्यानं खोबरं भाजलं, खसखस वाटली, काळा मसाला घातला, आणि त्या मेलेल्या मासळीत जेवढा जीव घालता येईल तेवढा घातला. वास चांगला सुटला. एवढा, की शेजारच्या गच्चीवरून गोवर्धन मास्तरांनी विचारलं, "शालिकराम, काय बेत?" आणि शालिकराम म्हणाला, "लगन हाय जी घरी!"

बारा वाजता पाहुणे आले. गोदाबाई ठेंगणी, ठसठशीत, नऊवारी, अंबाड्यात अबोलीचा गजरा सुकलेला, हातात कापडी पिशवी. विपुल उंच, शांत, दर दोन वाक्यांनी आजीकडे पाहणारा. आजी आल्या आल्या जमुनाबाईंच्या हनुवटीला हात लावून म्हणाल्या, "तू दमलीस गो सकालपासून. बस आधी."

ताटं मांडायची वेळ आली तेव्हा जमुनाबाईंनी हळूच विचारलं, "वर बसवाचं ना पाहुण्यायले? भांडे तं खाली येत नाई."

भगवंतराव म्हणाले, "पाहुण्यायले गच्चीवर उन्हात बसवतं काय? आण खाली."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा ते पातेलं जिना उतरलं. पातेलं खाली आलं, आणि ज्यानं शिजवलं तो वर राहिला. जमुनाबाई त्याच्यासाठी ताट झाकून ठेवून आल्या. "पाहुणे उठले का बोलावते तुमाले." तो म्हणाला, "हो वयनी."

भगवंतराव समोरच, पण जरा बाजूला, आपल्या वरणभातावर बसले. गोदाबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला, डोळे मिटले. "मसाला झकास हाय." मग एक कोळंबी उचलली. चावली. चावत राहिल्या. दुसरी उचलली, आणि ती मात्र तोंडात न घालता उलटी करून पाठीकडे पाहिलं.

मी त्या बाईच्या मनात शिरून सांगत नाही. हे त्यांनीच नंतर सांगितलं. पाठीवरची चीर पहिलीला होती तशीच दुसरीला, तशीच तिसरीला. सुरीनं कोणी कापलं की प्रत्येकीला वेगळी चीर पडते, ही यंत्राची. डोकं एकाही नाही. आणि ही खाऱ्या पाण्याची जात, हे तर त्यांना डोळे बांधून कळलं असतं. यात रागावण्यासारखं काही नव्हतं. समुद्रापासून इतक्या लांब दुसरं काय मिळणार? म्हणून त्यांनी सहज विचारलं. खरं सांगितलं असतं तर त्या "बरं केलंत" म्हणून पुढचा घास घेणार होत्या.

"ताजी की बर्फाची?"

"ताजी!" अमोल इतक्या झटकन बोलला की विपुलनं वर पाहिलं. "आज पहाटची. धरणातली."

"धरणातली?" गोदाबाईंनी कोळंबी ताटात ठेवली. "कोणी धरली?"

प्रणालीच्या हातातला डाव वाटीवर थांबला. आकांक्षानं बापाकडे पाहिलं, अमोलनं बापाकडे पाहिलं. आणि भगवंतरावांनी, ज्यांनी वर्षानुवर्षं भावाचा धंदा पाहुण्यांत सांगितला नव्हता, ज्यांनी त्याच्या हातात नसलेल्या बागा दिल्या होत्या, त्यांनी मुलाचं खोटं पडू नये म्हणून ते नाव काढलं.

"माह्या धाकट्या भावानं. थो धरणावर जाळं टाकते."

पाहा माणसाचं. खरं बोलले, पण खोट्याला टेकू द्यायला.

"इथं हायत? बोलवा की. ज्याची मासळी तो कुठं लपलाय?"

शालिकराम खाली आला. धोतराच्या सोग्याला हात पुसत दाराशीच थांबला. गोदाबाईंनी त्याला पायांपासून वर पाहिलं आणि नजर हातांवर ठेवली.

"भाऊ, ही तुम्ही धरलीत?"

त्यानं ताटाकडे पाहिलं. त्या गोल, पांढऱ्या, रबरासारख्या तुकड्यांकडे. पंचवीस वर्षं त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. ना वावर, ना माळ. मोर्शीच्या बाजारात त्याच्या पाटीवर बाई वास न घेता मासोळी उचलते, एवढंच त्याचं होतं. नाही म्हणावं तर दादा खोटा पडतो, माळ घातलेला, पाहुण्यांच्या पंगतीत. हो म्हणावं तर ही मासोळी त्याची.

त्यानं भावाकडे पाहिलं. भगवंतरावांनी मान खाली घातली.

"हो जी," शालिकराम म्हणाला. "मीच." आणि एवढ्यानं भागत नाही असं वाटून पुढं म्हणाला, "बसमदी जरा ऊन लागलं त्यायले. म्हून चिवट लागत असतीन. चूक माहीच हाय. पोरीच्या घरच्यायचा काई दोष नाई."

गोदाबाईंनी वाटी पुढं ओढली आणि शेवटच्या कोळंबीपर्यंत संपवली. चावून चावून. शालिकराम हात जोडून जिन्याकडे वळला.

जेवणं उरकली. प्रणाली पानाचं तबक घेऊन आली. गोदाबाईंनी पिशवीतून एक पुडकं काढलं, आणि तेवढ्यात भगवंतराव उठले. कोणाला काही न सांगता जिन्याखाली गेले. फ्रीझरचं दार उघडल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा हातात ती पाटी होती. ज्या माणसानं जन्मात मासोळीला बोट लावलं नव्हतं, त्यानं ती उराशी धरली होती, आणि वितळतं पाणी सदऱ्यावरून माळेवर ओघळत होतं.

पाटी त्यांनी गोदाबाईंसमोर ठेवली.

"हे आणले होते त्यानं. तुमी खाल्ले थे अकोल्याचे, डब्यातले. माह्या पोरानं खोटं सांगतलं, म्या मोठं केलं, अन् थे भावाले गिळाले लावलं."

अमोल फरशीकडे पाहत होता. प्रणालीचे डोळे भरून आले, आणि राग कोणावर काढावा ते तिला कळेना, कारण पाणी तिनंच उकळलं होतं.

गोदाबाईंनी पाटीतला एक झिंगा उचलला. कडक. मिशीला हात लावताच ती मोडली.

"आता हीपन बर्फाचीच झाली की," त्या म्हणाल्या.

मग विपुलकडे पाहून, "यानं काय सांगितलंय तुम्हाला? सीफूड? मी बाजारात पाटी लावून बसायचे, भगवंतराव. चालीस वर्षं. याची फी त्या पाटीतून गेली. तिकडं याला सांगायला लाज वाटते, इकडं तुम्हाला." विपुलचे कान लाल झाले. "बर्फाची मासली ताजी म्हणून मीपन विकलीय. खोटं कशाला बोलू? पण माझ्या तोंडानं विकली. दुसऱ्याच्या तोंडी नाय दिली कधी."

हे वाक्य भगवंतरावांना कीर्तनातल्या कुठल्याही निरूपणापेक्षा खोल लागलं. ते हात जोडून म्हणाले, "बोलावतो त्याले. तुमच्यासमोर पाया पडतो."

"माझ्यासमोर कशाला? मी कोण?"

आकांक्षा सगळ्यांच्या आधी जिना चढली. गच्चीवर चूल विझवलेली होती. पातेलं नव्हतं, ते खालीच. पण कढई, झारा राखेनं घासून उन्हात पालथे घातलेले. जमुनाबाईंनी झाकून ठेवलेलं ताट तसंच होतं. मागच्या लोखंडी जिन्याचं दार उघडं होतं.

भगवंतरावांनी फोन लावला. आकांक्षानं तो स्पीकरवर टाकला. बसचा खडखडाट ऐकू आला.

"शालिक..."

"दादा? पोरीचं जमलं ना?"

भगवंतरावांनी गोदाबाईंकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांनी होकार दिला.

"जमलं."

"मंग झालं." मागून कंडक्टरचा आवाज. "थे झिंगे पान्यात टाकून ठेवा म्हणा सूनबाईले. थंड्या पान्यात. गरम नोको."

"शालिक, ऐक, म्या तुले..."

"आवाज तुटून राहिला, दादा. ठेवतो."

आवाज तुटत नव्हता. सगळ्यांना नीट ऐकू येत होतं.

गोदाबाईंनी हातातलं पुडकं जमुनाबाईंना न देता भगवंतरावांच्या हातात ठेवलं. "सोडे हायत. उन्हात सुकवलेली कोळंबी, माझ्या हातची. ना ताजी, ना बर्फाची. तुमच्या भावाला द्या. आणि पुढची बोलनी त्याच्या घरी करू. मना ते वावर बघायचंय, पान्याखालचं."

संध्याकाळी चौकातल्या मंदिरात कीर्तन होतं. भगवंतराव गेले, पण टाळकऱ्यांच्या रांगेत त्यांची जागा रिकामी राहिली. ते दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ बसले. बुवांनी दोनदा हाक मारली, "भगवंतराव, पुढं या." त्यांनी मान हलवली. उजव्या मुठीत खुंटीवरची माळ होती, दुसऱ्या हातात सोड्यांचं पुडकं; देवळात ते नेऊ नये हे त्यांना कळत होतं, तरी खाली ठेववत नव्हतं. म्हणून तर ते चपलांपाशी बसले होते. सकाळच्या पहिल्या बसनं मोर्शीला जायचं, एवढंच त्यांनी जमुनाबाईंना सांगितलं होतं. जाऊन काय बोलायचं ते त्यांना माहीत नव्हतं.

बुवांनी चरण घेतलं. अर्ध्यावर नेलं आणि सवयीनं मागच्यांवर सोडलं. टाळ वाजत राहिले, मृदंग वाजत राहिला. वरचा स्वर कोणाच्याच गळ्यात नव्हता. बुवांनी क्षणभर वाट पाहिली, आणि मग स्वतःच, खालच्या पट्टीत, ते पुरं केलं. भगवंतरावांनी उपरणं तोंडाशी धरलं.

एवढीच गोष्ट. तुमच्याकडे मागणं काही मोठं नाही. कधी कीर्तनाला गेलात, आणि चढत चढत चाल मध्येच अडली, वर न्यायला कोणी नसलं, तर रागावू नका. तेवढ्या रिकाम्या जागेत मोर्शीच्या त्या शालिकरामला आठवा. दुसऱ्याच्या ताटातला चिवट घास ज्यानं आपला म्हटला, आणि उपाशीपोटी बस धरली, त्याला.